नेपथ्यकार आणि त्याचे भांडार : नांदेड व लातूर येथील हौशी रंगभूमीच्या साधनसामग्रीचा विचार

संस्कृत नाट्यपरंपरेत ‘नेपथ्य’ या शब्दाने नटाचा वेष, त्याची रंगभूषा आणि ज्या आडोशामागे ही सजावट चाले ते स्थान, असे अर्थ व्यक्त होतात. संस्कृत नाटकांतील ‘नेपथ्ये’ ही रंगसूचना पडद्यामागून येणाऱ्या आवाजाची सूचना असते. आजच्या मराठीत मात्र नेपथ्य म्हणजे पडदा उघडल्यावर प्रेक्षकाला समोर दिसते ती वास्तू, तो दिवाणखाना, तो पार किंवा ती नुसती चौथऱ्यांची मांडणी. वेशभूषा आणि रंगभूषा या शब्दांनी आपापले संसार वेगळे थाटले आणि जो शब्द मुळात पडद्यामागचा होता तो पडद्यापुढच्या वस्तूचे नाव झाला. शब्दार्थाच्या या स्थलांतराबरोबर ‘नेपथ्यकार’ असे एक नवे कर्तृवाचक नामही रूढ झाले. हे नाव ज्याला मिळाले त्याच्या हाती साधने कोणती होती, ती कोणाच्या मालकीची होती आणि नांदेड-लातूरसारख्या ठिकाणी ती त्याने कोठून मिळवली, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

व्यावसायिक नाटक मंडळ्यांच्या काळात हा प्रश्न उद्भवतच नव्हता. मंडळी ही एक चालतीबोलती गृहस्थी असे. तिच्यात नट, गवई, आचारी, सुतार, शिंपी आणि पडदे रंगविणारा चित्रकार हे सारे पगारावर असत. रंगविलेले पडदे, चौकटी, सिंहासने, झालरी व दिवे ही मंडळीची मालमत्ता होती. चित्रकार आपले ब्रश घेऊन येई. कापड, रंग आणि मदतीची माणसे मंडळी पुरवी. कोल्हापूरचे आनंदराव व बाबूराव हे मिस्त्री बंधू अशा पडद्यांच्या कामातूनच पुढे आले, आणि बाबूरावांना (१८९०–१९५४) तर धंद्याचेच नाव आडनावासारखे चिकटून ते ‘बाबूराव पेंटर’ झाले. ललितकलादर्श मंडळीत पु. श्री. काळे यांनी हेच काम केले. मामा वरेरकरांच्या ‘सत्तेचे गुलाम’ (१९२२) या नाटकासाठी लोंबत्या पडद्यांऐवजी भिंती, दारे व खिडक्या असलेला दिवाणखाना उभा राहिला, तो त्यांच्या नावावर आहे. पुढे नाट्यमन्वंतर संस्थेने १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले तेव्हा अशा बंदिस्त, वास्तवदर्शी रचनेला वैचारिक प्रतिष्ठाही लाभली. काळे यांच्यापाशी सेवक म्हणून जे होते ते पुढच्या पिढीतील स्वतंत्र नेपथ्यकाराला मिळाले नाही, आणि ते म्हणजे घरचे भांडार.

हे भांडार मराठवाड्यापर्यंत कसे येत असेल याचा विचार करताना लोहमार्गाकडे पाहिले पाहिजे. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी व नांदेड या मार्गे हैदराबादेस जाणारा मार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला. तो मीटरगेज होता. मुंबई-पुण्याकडून ब्रॉडगेजने आलेले सामान मनमाडास उतरवून दुसऱ्या डब्यांत भरावे लागे. लातूरची स्थिती याहून अवघड होती. बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फुटी रूळ १९११ साली लातुरास पोहोचला आणि ब्रॉडगेजवरील माल कुर्डुवाडीस त्या छोट्या डब्यांत बदलावा लागे. गुंडाळलेला पडदा बांबूसह कसाही तिरपा बसविता येतो. रंगविलेली लाकडी चौकट तशी बसत नाही आणि प्रत्येक चढउतारीत तिचा रंग खरवडतो. मंडळ्यांनी पडद्यांचा हव्यास दीर्घकाळ का सोडला नाही, याचे उत्तर केवळ अभिरुचीत शोधणे अपुरे आहे. काही अंशी ते रेल्वेच्या डब्याच्या लांबीरुंदीतही सापडेल.

बोलपटांच्या आगमनानंतर (‘अयोध्येचा राजा’ १९३२ चा) बहुतेक मंडळ्या मोडकळीस आल्या. त्यांची भांडारे विकली गेली, फाटली, कर्जात गेली. मुंबई-पुण्यात त्यांतील काही भाग भाड्याने देणाऱ्या व्यावसायिकांकडे गेला आणि हौशी संस्थांच्या उपयोगी पडला. निजामी राजवटीतील मराठवाड्यास हा वारसा जवळजवळ मिळालाच नाही. सरकारची व वरिष्ठ शिक्षणाची भाषा उर्दू, सार्वजनिक सभा-संमेलनांना पूर्वपरवानगीची अट, आणि त्यामुळे मराठी नाटकाला आधार उरला तो शाळांच्या स्नेहसंमेलनांचा, गणेशोत्सवाचा आणि यात्रा-जत्रांचा. १७ सप्टेंबर १९४८ नंतर हे चित्र पालटू लागले. तेव्हा हौस होती, शिक्षक आणि वकील नट होते, लिहिणारेही होते. रंगविलेली एक चौकट मात्र गावात शोधून सापडण्यासारखी नव्हती.

मुंबई राज्य सरकारने १९५४ साली राज्य नाट्य स्पर्धा सुरू केली. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात असल्याने त्याला या स्पर्धेचे दार १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतरच उघडले. नट, दिग्दर्शक यांच्याबरोबर नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा यांनाही या स्पर्धेत स्वतंत्र पारितोषिके ठेवण्यात आली, आणि या एका गोष्टीचा परिणाम नीट ध्यानात घेतला गेलेला नाही. पारितोषिक द्यावयाचे तर नाव हवे. प्रवेशिकेत आणि नाटकाच्या हस्तपत्रिकेत ‘नेपथ्य’ या शब्दापुढे कोणा एकाचे नाव लिहिणे भाग पडले. तोपर्यंत ज्याने बाज, कंदील, दाराची चौकट गोळा करून आणली तो ‘आपला अमुक’ होता. आता तो नेपथ्यकार झाला. नाटकमंडळीने त्याला पोसले नव्हते, विद्यालयाने घडविले नव्हते. स्पर्धेच्या अर्जातील एका रकान्याने त्याला जन्म दिला, असे म्हटल्यास ती केवळ अतिशयोक्ती ठरणार नाही. नांदेड व लातूर ही पुढे या स्पर्धेच्या प्राथमिक फेरीची केंद्रे झाली, आणि आसपासच्या गावांतील संस्थाही तेथे येऊ लागल्या.

स्पर्धेने नाव दिले. भांडार मात्र दिले नाही. सहभागी संस्थेला ठरावीक निर्मितिखर्च मिळतो, परंतु तो एका प्रयोगापुरता असतो. त्यातून टिकाऊ सामग्रीचा साठा उभा राहात नाही. मग नेपथ्यकाराने साधने आणली कोठून? नांदेड आणि लातूर येथील उत्तर एकच आहे : मंडपवाल्याकडून. लग्न, कीर्तनसप्ताह, सभा व गणेशोत्सव यांसाठी बांबू, बल्ल्या, फळ्या, तख्त, कनाती, सतरंज्या, झालरी आणि दिवे भाड्याने देणारा हा व्यावसायिक मराठवाड्यातील हौशी रंगभूमीचा न बोललेला भागीदार आहे. चौथरे त्याच्या तख्तांचे, मागचा काळा पडदा त्याच्या कापडाचा, विंगा त्याच्या कनातीच्या. उरलेली सामग्री गावभर विखुरलेली असते. लाकडाच्या वखारीतून पट्ट्या, मोंढ्यातून गोणपाट व सुतळी, किराण्याच्या दुकानातून गेरू, काव, पिवडी व नीळ, आणि रंग कापडावर धरून राहावा म्हणून सरस किंवा खळ. लातूर आणि नांदेड ही दोन्ही मोठी बाजारपेठेची गावे असल्याने गोणपाटाची तूट कधी पडली नसावी. गोणपाटावर मातीचा पोत, दगडी भिंतीचा आभास स्वस्तात उमटतो, आणि हौशी नाटकांत खेड्यातील घर वारंवार गोणपाटातून उभे राहते त्याचे कारण असे बाजारात आहे.

या साधनांची परिभाषा पाहिली तर तिच्यात इतिहासाचे थर स्पष्ट दिसतात. ‘पडदा’ फारसीतून आला आणि मराठीत असा मुरला की ‘यवनिका’ हा संस्कृत शब्द ग्रंथांपुरताच उरला. ‘शामियाना’, ‘तख्त’ हेही फारसी. ‘कनात’ हा शब्द तुर्कीतील पंखवाचक शब्दाशी जोडला जातो. इंग्रजीतून आलेल्या ‘विंग’ या शब्दाचा मूळ अर्थही पंखच. म्हणजे नांदेडचा नेपथ्यकार जेव्हा मंडपवाल्याची कनात घेऊन तिची विंग करतो, तेव्हा दूरच्या दोन भाषांतले दोन पंख एका बांबूवर बांधले जातात. ‘सेट’, ‘लेव्हल’, ‘फ्लॅट’, ‘स्पॉट’, ‘डिमर’ हा सर्वांत वरचा थर. तो स्पर्धा, शिबिरे आणि मुंबई-पुण्याची नाटके यांच्याबरोबर आला. एकाच माणसाच्या तोंडी हे तिन्ही थर असतात, पण श्रोत्याप्रमाणे त्यांची निवड बदलते : परीक्षकांशी बोलताना ‘लेव्हल’, मंडपवाल्याशी बोलताना ‘तख्त’.

प्रत्ययांचे राजकारणही पाहण्यासारखे आहे. नाटककार, नेपथ्यकार, प्रकाशयोजनाकार यांना ‘-कार’ हा प्रतिष्ठेचा प्रत्यय मिळाला. मंडपवाला, लाइटवाला, टेम्पोवाला यांना ‘-वाला’. हस्तपत्रिकेवर ‘-कार’ छापले जातात. आगाऊ रक्कम ‘-वाला’ घेऊन जातो. संस्थेच्या जमाखर्चातील शब्दही हेच सांगतात. मंडपवाल्याला ‘भाडे’, सुताराला ‘मजुरी’, टेम्पोवाल्याला ‘वाहतूक’ आणि नेपथ्यकाराला ‘मानधन’. भाडे व मजुरी ही देणी असतात, ती चुकविता येत नाहीत. मानधन ही मान देण्याची गोष्ट. आणि पैसे संपल्यावर मान उरतो, धन उरत नाही. नेपथ्यकार हा बहुधा चित्रकला-शिक्षक, बँकेतील कर्मचारी किंवा फलक रंगविणारा असतो, याचे स्पष्टीकरण या एका शब्दात सामावले आहे.

मंडपवाल्यावरील या अवलंबित्वाची एक अडचण पंचांगात आहे. स्पर्धेची प्राथमिक फेरी सर्वसाधारणपणे नोव्हेंबर-डिसेंबरात होते. नेमक्या त्याच सुमारास कार्तिकात तुळशीचे लग्न लागते आणि लग्नसराईला तोंड फुटते. ज्या आठवड्यात नेपथ्यकाराला तख्ते हवी असतात त्याच आठवड्यात ती कोठेतरी वरमाईच्या पंगतीखाली असतात. चांगला मुहूर्त असलेल्या दिवशी प्रयोगाची तारीख आली तर दर चढतात किंवा शब्द फिरतो. म्हणून अनुभवी नेपथ्यकार संहितेबरोबर पंचांगही वाचतो, आणि मोठ्या रचनेचा मोह टाळून उचलून नेता येईल एवढीच रचना करतो. ज्याला समीक्षेत ‘सूचक नेपथ्य’ म्हणून गौरविले जाते त्यातील काही सूचकता सौंदर्यदृष्टीची आणि काही तख्ते न मिळाल्याची असते. यात कमीपणा नाही. कलेच्या इतिहासात टंचाईने घडविलेल्या शैली थोड्या नाहीत.

भरताच्या नाट्यशास्त्रात आहार्याभिनयाच्या प्रकरणात नेपथ्याचे चार प्रकार सांगितले आहेत : पुस्त, अलंकार, अंगरचना व सजीव. यांपैकी पुस्त म्हणजे पर्वत, वाहन, विमान, ढाल यांसारख्या वस्तूंची कृत्रिम रचना. तिचे पुन्हा तीन भेद आहेत. सांधून केलेले ते संधिम, यांत्रिक युक्तीने चालणारे ते व्याजिम आणि कापडादिकांनी वेढून केलेले ते वेष्टिम. नांदेडच्या पीपल्स महाविद्यालयाचे प्राचार्य नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) यांनी नाट्यशास्त्राचा दीर्घ अभ्यास केला, आणि ज्या गावात हा ग्रंथ इतक्या आस्थेने वाचला गेला त्या गावातील नेपथ्यकाराचे काम भरताच्या वर्गीकरणात जवळजवळ जसेच्या तसे बसते ही गोष्ट लक्षणीय आहे. चटई, कापड व चामडे सांधून केलेले संधिम आणि बांबूला गोणपाट वेढून उभारलेली भिंत यांत तत्त्वतः अंतर नाही. भरताने महागड्या द्रव्यांऐवजी हलक्या वस्तूंची योजना सांगितली तीही नटाला भार होऊ नये आणि काम सुलभ व्हावे म्हणून. ‘नेपथ्य’ शब्दाचा आधुनिक अर्थ चुकीचा आहे असे काही शुद्धिवादी म्हणतात. वस्तुतः पुस्त हा नेपथ्याचाच एक भेद असल्याने मराठीने केले ते एवढेच, की संपूर्णाचे नाव एका अंशासाठी राखून ठेवले.

या प्रदेशातील नाट्यलेखनानेही नेपथ्यकारापुढे दोन भिन्न मागण्या ठेवल्या. नांदेड जिल्ह्यातील दत्ता भगत यांचे ‘आवर्त’ हे लोकपरंपरेतील दिंडीचा घाट वापरते. त्याला मोकळा रंगमंच आणि माणसांचे देह पुरतात. त्यांच्याच ‘वाटा-पळवाटा’ या नाटकाला मात्र शिकल्या-सवरल्या दलित प्राध्यापकाचे घर हवे. या घरात काय ठेवावे, कोणती तसबीर, कोणती पुस्तके, खुर्च्या कशा, हा केवळ सजावटीचा प्रश्न नाही. मध्यमवर्गीय दिवाणखान्याची जी ठरीव सामग्री मराठी रंगभूमीने ‘सत्तेचे गुलाम’पासून जमविली होती, तिच्यात या घराचा विचार कधी झालाच नव्हता. मंडपवाल्याचा लाल मखमली सोफा येथे उसना आणला तर नाटकाचा अर्थच बिघडतो. उसन्या भांडाराची मर्यादा येथे उघडी पडते : ते वस्तू देते, पण समारंभाच्या वस्तू देते. साध्या माणसाच्या घरातील साधी खुर्ची भाड्याने मिळत नाही. ती कोणाच्या तरी घरातून मागून आणावी लागते.

समारंभाखेरीज दुसरे एक शिक्षणकेंद्र या भागात होते आणि आहे, ते यात्रेत. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत तमाशाचे फड कनाती लावून उतरतात. उघड्या माळावर काही तासांत रंगमंच, दिव्यांची सोय आणि प्रेक्षागार उभे करणे व दुसऱ्या गावी जाण्यासाठी ते तितक्याच वेगाने गुंडाळणे, ही विद्या कोणत्याही अभ्यासक्रमाइतकी शिस्तबद्ध आहे. नागर हौशी रंगभूमीने तिच्याकडून फारसे शिकण्याची तयारी दाखविली नाही, ही तिची उणीव.

लातूर १९८२ च्या ऑगस्टपर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यातील तालुक्याचे गाव होते. जिल्ह्याच्या ठिकाणाबरोबर येणाऱ्या सार्वजनिक वास्तू त्याला उशिरा मिळाल्या. नांदेडात शंकरराव चव्हाण प्रेक्षागृह व कुसुम सभागृह यांमुळे प्रयोगांना छप्पर मिळाले. तथापि ‘सभागृह’ व ‘नाट्यगृह’ या शब्दांतील भेद येथे विसरून चालणार नाही. सभेला व्यासपीठ, ध्वनिक्षेपक आणि खुर्च्या पुरतात. नाटकाला पडदे टांगण्यासाठी वर आडव्या नळ्या, बाजूला सामान ठेवण्याइतकी मोकळी जागा, मागून टेम्पो लागेल असे रुंद दार आणि दिव्यांचा भार सोसणारी वीजजोडणी लागते. छोट्या शहरांतील बहुउद्देशीय सभागृहे सभेच्या हिशेबाने बांधली जातात, आणि नेपथ्यकाराचा निम्मा वेळ त्या सभेला नाटक शिकविण्यात जातो.

शिक्षणाची सोय हळूहळू वाढली. मराठवाडा विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाने औरंगाबादेत रंगमंचाचे तंत्र शिकविण्यास आरंभ केला. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडात स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, तेथे ललित व प्रयोगजीवी कलांचे संकुल आहे, आणि युवक महोत्सवांतील एकांकिकांनी अनेक विद्यार्थ्यांना प्रथमच हातोडी धरावयास लावले. याच काळात दुसऱ्या बाजूने एक आधार मात्र गळाला. फलक रंगविणारे चित्रकार हे नेपथ्याचे जुने मनुष्यबळ. छापील फ्लेक्स आल्यावर त्यांचा धंदा बसला आणि हाताने वीस फुटी पडदा रंगविणारा माणूस गावात मिळेनासा झाला. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली प्लॅस्टिक व थर्माकोलवर निर्बंध घातले तेव्हा मूर्ती, स्तंभ व कमानी यांसाठी सोयीचे झालेले ते द्रव्यही गेले. पर्यावरणाच्या दृष्टीने निर्णय योग्यच होता, आणि पुठ्ठा, कागदाचा लगदा व गोणपाट यांकडे परतण्यात नेपथ्यकाराचे नुकसान नाही. लगद्याला मात्र वेळ लागतो आणि पाणी लागते. लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले होते, हे येथे आठवल्याखेरीज राहात नाही.

नेपथ्यकाराचा दुसरा, आणि कदाचित अधिक मोलाचा अभाव कागदाचा आहे. प्रयोग संपताच तख्ते परत जातात, गोणपाट सोडले जाते, पट्ट्या पुढच्या कामासाठी वखारीच्या भिंतीला टेकतात. रचनेचा आराखडा बहुधा वहीच्या पाठकोऱ्या पानावर असतो आणि तेथेच राहतो. १९५७ च्या लेखाधिकार कायद्यात नाट्यकृतीची व्याख्या करताना दृश्यरचनेचाही उल्लेख आहे, परंतु ती लिखित वा अन्य रूपाने निश्चित झालेली असली पाहिजे, अशी अट आहे. ज्याने आराखडा जपून ठेवला नाही त्याची रचना दुसऱ्या केंद्रावर जशीच्या तशी उभी राहिली तरी त्याला बोट दाखविता येत नाही.

उतारवयात हा अभाव अधिक बोचतो. राज्य शासनाची वृद्ध साहित्यिक व कलावंतांना मानधन देणारी योजना १९५४-५५ पासून चालू आहे. ती आज राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने ओळखली जाते आणि २०२४ पासून दरमहा ५००० रुपये देते. वयाबरोबरच कलाक्षेत्रातील दीर्घ कार्याचा पुरावा अर्जासोबत लागतो : प्रमाणपत्रे, वृत्तपत्रांतील कात्रणे, हस्तपत्रिका. नटाचे नाव कात्रणात सापडते. ज्याने पंधरा-वीस वर्षे रात्री जागून भिंती उभ्या केल्या, त्याचे नाव अनेकदा ‘रंगमंच व्यवस्था : संस्थेचे कार्यकर्ते’ या ओळीत विरघळलेले असते. हस्तपत्रिका ही अभ्यासकाला क्षुल्लक कागद वाटते. अशा माणसाच्या दृष्टीने ती सेवापुस्तिका आहे.

युरोपात नेपथ्यकारांनी आपला प्रश्न प्रदर्शनांनी व संघटनांनी पुढे आणला. प्राग येथे १९६७ पासून दर चार वर्षांनी नेपथ्याचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरते, आणि १९७५ साली ब्रिटनमधील नेपथ्यकारांनी आपली संस्था काढली. त्या चळवळीत आराखडे, प्रतिकृती आणि छायाचित्रे जतन करणे हे सौंदर्याइतकेच उपजीविकेचे साधन ठरले. मराठवाड्यात इतक्या विस्ताराची अपेक्षा करण्याचे कारण नाही. वीस-पंचवीस तख्ते, काळ्या कापडाचे दोन जोड, मापात बसणाऱ्या दहा-बारा चौकटी आणि चार डिमर एवढे भांडार नांदेडला व तेवढेच लातूरला सामायिक मालकीचे असले, तरी लग्नसराईतील निम्मी ओढाताण थांबेल. आराखड्यांसाठी तर त्याहूनही कमी लागते : विद्यापीठाच्या संकुलात एक कपाट, आणि दोन्ही केंद्रांवर प्रयोग संपताच, तख्ते टेम्पोत चढण्यापूर्वी, हस्तपत्रिकेची एक प्रत व रचनेचे एक मापासहित रेखाटन मागून घेणारा एक माणूस.